तो माळ आणि ती माळ

१. तीन अटींचं झाड

जून उजाडला की लातूरच्या रोपवाटिकांमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. नवं घर बांधलेला माणूस येतो, गुलाबाच्या कुंड्यांवरून नजर फिरवतो, हिरवळीचा भाव विचारतो आणि मग खऱ्या मुद्द्यावर येतो : "पाणी घालायला लागू नये, फुलं मात्र यावीत, आणि शेळ्यांनी तोंड लावू नये, असं काही आहे का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एप्रिल २०१६मध्ये या शहरानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं आहे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. तेव्हापासून इथल्या माणसाला फुलझाड घेतानाही आधी गच्चीवरची टाकी आठवते. रोपवाटिकावाला कण्हेर दाखवतो, बोगनवेल दाखवतो. दोन्ही चांगलीच. पण तिन्ही अटी पुऱ्या करणारं आणि शिवाय इथल्याच मातीतलं झुडूप त्याच्याकडे बहुधा नसतं, कारण ते कुणी विकत घेत नाही. गावाची शेवटची घरं संपली की मुरमाच्या माळावर ते फुकट उभं असतं. त्याचं नाव तरवड.

२. काटक, पण कुठे?

इंग्लंडमधलं बागकामाचं पुस्तक उघडलं, तर काटक फुलझुडपांत हेदरचं नाव ठरलेलं. स्कॉटलंडच्या थंड, वाऱ्यानं झोडपलेल्या डोंगरांवर ऑगस्टमध्ये हे गुडघाभर उंचीचं झुडूप जांभळ्या फुलांनी भरून जातं, इतकं की अख्खा डोंगर रंगवल्यासारखा दिसतो. बागांसाठी त्याचे शेकडो प्रकार तयार केले गेले आहेत. पांढरी, गुलाबी, गर्द जांभळी फुलं, सोनेरी पानं. बर्फ पडो, वारा सुटो, त्याला फरक पडत नाही.

हेच हेदर लातुरात आणून लावलं तर? एका उन्हाळ्यातच त्याचा निकाल लागेल. ऊन हे एक कारण झालं. दुसरं कारण मातीत आहे. माती आंबट किंवा चुन्याकडे झुकणारी असू शकते. चिंचेचं पाणी हे एक टोक धरा आणि चुन्याची निवळी हे दुसरं. हेदरला चिंचेच्या बाजूची माती हवी असते. आपली जमीन बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली; तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे हातानं वेचता येतात. ती चुन्याच्या बाजूची. तिथे हेदरच्या मुळांना लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि झुडूप बसतं.

म्हणजे 'काटक' हा शब्द एकट्या झाडाला लावून भागत नाही. ज्वारी काटक पीक खरं, पण तिला कोकणातल्या पाणी साचलेल्या भातखाचरात पेरून पाहा! झाड आणि जागा यांचं जमतं की नाही, एवढाच प्रश्न असतो. आपल्या माळाशी जमलेलं झाड शोधायचं, तर आपल्या माळावरच जावं लागतं.

हेदरची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल. स्कॉटलंडचे ते जांभळे डोंगर बघून निसर्गाचा अस्पर्शित देखावा वाटतो, पण त्यांतले बरेचसे माणसानं तसे राखलेले आहेत. तिथे शतकानुशतकं मेंढ्या चरल्या, आणि शिकारीच्या पक्ष्यांना कोवळे कोंब मिळावेत म्हणून जुनं हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळलं गेलं. चराई आणि जाळणं थांबलं, की अनेक ठिकाणी झाडं परत उगवू लागतात.

३. ओळख करून घेऊ

तरवड माणसाच्या छातीइतका, कधी डोक्याच्या वर वाढतो. बुडापासून फांद्या फुटतात, साल तपकिरी. पान चिंचेसारखं : एका दांडीवर समोरासमोर आठ ते बारा जोड्या पानोळ्या. दांडी खोडाला जिथे चिकटते तिथे कानाच्या पाळीसारखी दोन गोल पानं दिसतात. लिनियसनं १७५३मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्याला हे कानच भावले असावेत. नावातल्या 'ऑरिक्युलाटा' या शब्दाचा अर्थच 'कानवाला'. आधी ते कॅसिया ऑरिक्युलाटा होतं, आता सेन्ना ऑरिक्युलाटा म्हणतात. संस्कृतात आवर्तकी, तमिळमध्ये आवारम, तेलुगूत तंगेडु.

फुलं फांदीच्या टोकाला घोसानं येतात, पाच पाकळ्यांची, सुमारे दोन इंच रुंदीची, लख्ख पिवळी. तशी ती वर्षभर अधूनमधून दिसतात, पण खरा बहर पावसाचा जोर ओसरल्यावर. शेंग चपटी, बोटभर लांब, पातळ कागदासारखी. आत बारा ते वीस बिया.

एक घोटाळा टाळा. आपल्याकडे तरोटाही असतो, ज्याला टाकळा म्हणतात. तोही पिवळ्या फुलांचा, याच गोत्रातला. पण तरोटा पावसाळ्यापुरता. त्याची कोवळी पानं भाजीला खुडतात आणि पुढे तो वाळून जातो. तरवडाला लाकूड असतं. उन्हाळ्यात माळावर सगळं करपलेलं असताना जो हिरवा उभा दिसतो, तो तरवड. बहावा, रस्त्याकडेचा काशीद आणि औषधाची सोनामुखी हेही याचेच भाऊबंद. सोनामुखीची आठवण मुद्दाम करून देतो आहे. शेळीच्या प्रकरणात ती कामी येणार आहे.

४. भाकरीचे तुकडे

पाण्याचा प्रश्न आधी घेऊ. झाडाला पाणी कमी लागतं म्हणजे नेमकं काय होतं?

जमिनीखाली तरवडाचं सोटमूळ मुरमाच्या फटींतून खोल जातं. वरची वीतभर माती तापून पावडर झाली तरी खालच्या फटींत ओल टिकून असते. हे सोपं आहे.

जमिनीवरचा भाग जास्त मजेचा. मे महिन्याच्या उन्हात पान तापतं. मोठं, सलग पान स्वतःला थंड ठेवण्यासाठी पाणी वाफेवाटे सोडतं, आपण घाम सोडतो तसं. पाणी नसेल तर ते भाजतं. आता तव्यावरून दोन भाकरी उतरवा. एक अख्खी ठेवा, दुसरीचे तुकडे करून ताटभर पसरा. कुठली आधी निवेल? तुकडे, कारण प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी वारा लागतो. तरवडाचं पान म्हणजे तुकडे करून पसरलेली भाकरी. वीसेक छोट्या पानोळ्यांना वारा सहज थंड करतो. त्यासाठी पाणी खर्चावं लागत नाही. बाभूळ, शमी, चिंच, आपल्या कोरड्या मुलखातल्या कितीतरी झाडांनी हीच युक्ती केली आहे.

तेव्हा तरवड उन्हाशी झुंजतो वगैरे म्हणणं जरा कवितेतलं झालं. तो खर्च कमी ठेवतो, इतकंच. आणि खर्च कमी ठेवणाऱ्याला दुष्काळ जरा उशिरा गाठतो.

५. शेळी का खात नाही?

शेळीबद्दल आपल्याकडे म्हणतात की ती पाला म्हणून काहीही खाते. बाभळीचे काटे चुकवून पाला ओरबाडते, बोरीत तोंड घालते. तरवडापाशी येते, हुंगते आणि पुढे जाते. तिला काय कळतं?

हा प्रयोग घरी करता येतो. कच्चं केळ चावा, किंवा चार जांभळं खा. जीभ खरखरीत होते, तोंड आतून आवळल्यासारखं वाटतं. याला आपण तुरटपणा म्हणतो. तो आणणाऱ्या द्रव्यांना टॅनिन म्हणतात. टॅनिनची एक खोड आहे : प्रथिन दिसलं की त्याला चिकटायचं. आपल्या लाळेत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे जीभ बुळबुळीत राहते. टॅनिननं ती बांधून टाकली की बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. शेळीच्या तोंडातही हेच होतं. शिवाय सोनामुखीच्या गोत्राला साजेशी पोट साफ करणारी द्रव्यंही तरवडात आहेत. दोन्ही मिळून निरोप स्पष्ट आहे : नको.

आता हेदरची गोष्ट परत आठवा. गावच्या माळावर वर्षानुवर्षं जनावरं चरतात. गवत जातं, बोरीचे कोंब जातात, उगवू पाहणारी मोठ्या झाडांची रोपं जातात. शेळीनं नाकारलेलं तेवढं उरतं : तरवड, रुई, घाणेरी. दरवर्षी थोडं थोडं असं होत पन्नास वर्षांनी माळ तरवडाचा होतो. राज्यात वनक्षेत्र सर्वांत कमी असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते, आणि इथल्या पिवळ्या माळांमागे शेळीच्या दातांचा वाटा मोठा आहे. म्हणून नुसत्या तरवडानं भरलेला माळ पाहिला की मी दोन गोष्टी एकदम म्हणतो : काय सुंदर, आणि इथे आधी काय काय होतं कोण जाणे.

शेतकरीही तरवडावरून जमीन वाचतात. जिथे तो दाट, तिथे माती वीतभर आणि खाली मुरूम. म्हणूनच मुरूम हवा असला की जेसीबी नेमका याच माळांवर जातो, आणि एका दुपारी ट्रॉल्या भरून तरवडासकट टेकडी गावाच्या रस्त्याखाली जाते.

६. कमावणं

शेळीला जे नको होतं, ते माणसाला मात्र फार हवं होतं.

जनावराचं कातडं तसंच ठेवलं तर सडतं. वाळवलं तर पत्र्यासारखं ताठ होतं आणि पाणी लागलं की पुन्हा सडायला लागतं. कातडं म्हणजे प्रथिनांच्या तंतूंचं विणकाम. प्रथिन दिसलं की टॅनिन काय करतं, ते आपण जिभेवर पाहिलंच. तुरट सालीच्या पाण्यात कातडं भिजत ठेवलं, की टॅनिन तंतूंना चिकटतं, तंतूंमधलं पाणी बाहेर पडतं, आणि सडवणाऱ्या जिवाणूंना खायला काही सोपं उरत नाही. कातड्याचं चामडं होतं. मराठीनं या कामाला 'कमावणं' हा फार नेमका शब्द ठेवला आहे. पैसा कमावतात, शरीर कमावतात आणि कातडं कमावतात. तिन्हींत काही दिवसांचा घाम लागतो.

दख्खनमध्ये या कामासाठी बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल वापरत. तरवडाच्या सालीत टॅनिनचं प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या घरात असतं, म्हणजे दहा किलो वाळक्या सालीत दीड ते दोन किलो. रंगही फिका, त्यामुळे चामडं उजळ निघे. आणि फांद्या छाटून साल काढली तरी बुडखा पुन्हा फुटतो, म्हणजे दोन-तीन वर्षांनी परत साल.

इथे जरा थांबून चामड्याची मोट आठवू. इंजिनं आणि विजेचे पंप येण्याआधी मराठवाड्यातल्या विहिरींचं पाणी मोटेनं शेतात येई. मोट सतत पाण्यात, सतत उन्हात. कच्चं कातडं आठवडाभरही टिकलं नसतं. माळावरच्या ज्या झुडपाला स्वतःला पाणी लागत नाही, त्याच्या सालीनं पाणी उपसणाऱ्या मोटा टिकवल्या. ज्यांच्या हातांनी हे काम केलं त्या ढोर, चांभार, मांग समाजाला मात्र गावानं त्याच कामासाठी वेशीबाहेर ठेवलं; मोटेचं पाणी सगळ्यांना चाललं. लातूरपासून लांब नसलेल्या बसवकल्याणला बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांमध्ये ढोर कक्कय्या होते, कातडं कमावणाऱ्या समाजातले. महाराष्ट्रातला ढोर समाज आजही त्यांना आपले संत मानतो.

दक्षिणेत याच सालीवर मोठा व्यापार उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीनं कमावलेली कातडी जहाजांनी लंडनला जात. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळहून वॅटल नावाच्या बाभळीची साल येऊ लागली. ती जास्त दमदार आणि स्वस्त. मग क्रोमियमचे क्षार आले, आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. तरवडाची साल मागे पडली.

७. मीठदाणी आणि भुंगा

बहरलेल्या तरवडापाशी सकाळी दहा मिनिटं उभे राहा आणि कान द्या. मोठा काळा भुंगा फुलावर बसतो आणि त्याचा आवाज एकदम बदलतो. उडताना घुंईऽ असणारा सूर बसल्यावर बारीक, तीव्र होतो, एखादा मोबाइल टेबलावर थरथरावा तसा. तो करतोय काय?

बहुतेक फुलांत परागकोश उकलतात आणि पराग उघड्यावर येतात. तरवडाचे परागकोश उकलत नाहीत. त्यांना टोकाशी फक्त बारीक भोकं असतात, मीठदाणीसारखी. मीठ हवं तर दाणी हलवावी लागते. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो, आणि परागांचा फवारा त्याच्या अंगावर उडतो. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. ती बिचारी सांडलवंड गोळा करते. या फुलात मधही नाही. जो येतो तो परागासाठीच येतो.

मग अडचण अशी : भुंग्यानं सगळे पराग खाऊन टाकले तर झाडाचं काय? फुलात नीट बघा. दहा पुंकेसर आहेत, पण सारखे नाहीत. वरचे तीन वांझ. मधले चार आखूड, भुंग्याच्या तोंडासमोर. खालचे तीन लांब आणि वाकडे, भुंग्याच्या पाठीमागे-कुशीशी पोचणारे. आखूड केसरांतले पराग त्याच्या खाण्यासाठी. लांब केसरांतले त्याच्या अशा जागी चिकटतात जिथे त्याचे पाय सहज पोचत नाहीत. पाहुण्याला चहा पाजायचा आणि निघताना त्याच्याच पिशवीत पुढच्या गावच्या बहिणीसाठी भाजी घालायची, तसा हा व्यवहार.

अजून एक गंमत. एकाच झुडपावरची काही फुलं डावखुरी असतात, काही उजवी. म्हणजे स्त्रीकेसराची दांडी काही फुलांत डावीकडे वाकलेली, काहींत उजवीकडे. डाव्या फुलात भुंग्याच्या एका कुशीला लागलेला पराग उजव्या फुलातल्या दांडीला बरोबर भिडतो. पुढच्या वेळी पाच-सहा फुलं तोडून तळहातावर ओळीनं ठेवा. दोन्ही प्रकार सापडतील.

फुलात मध नसला तरी पानाच्या दांडीवर, पानोळ्यांच्या जोड्यांमध्ये, बारीक उभ्या ग्रंथी असतात आणि त्यांतून गोड रस पाझरतो. तो मुंग्यांसाठी. मुंग्यांची वर्दळ असली की अंडी घालायला आलेल्या किड्यांची पंचाईत होते. तरी पांढरी-पिवळसर फुलपाखरं लपूनछपून अंडी घालतातच, आणि त्यांच्या हिरव्या अळ्या तरवडाचा पाला आनंदानं खातात. शेळीला नको असलेलं त्यांना चालतं.

८. घटाची माळ

मराठीत तो माळ वेगळा आणि ती माळ वेगळी. नवरात्रात दोन्ही एकत्र येतात. घटस्थापनेला शेतातली माती आणून धान्य पेरतात, आणि घटावर रोज फुलांची माळ चढते. आमच्याकडे त्यात तरवडाची आणि कारळाची फुलं असतात. शेवंती-झेंडू बाजारातून आणायचे. तरवड मात्र पहाटे पोरांनी माळावर जाऊन आणायचा. तुळजापूर असो की माहूर, नवरात्राचे हे दिवस आणि तरवडाचा बहर एकाच वेळी येतात, आणि फुलाला बाजारभाव नसल्यानं गरिबाच्या घटालाही माळ कमी पडत नाही.

देगलूर, बिलोली, धर्माबादकडून सीमा ओलांडली की हेच फूल आणखी मानाचं होतं. तेलंगणातल्या बायका याच सुमारास नऊ दिवस बतुकम्मा मांडतात : ताटात कुरडूची तुरे-फुलं, तंगेडु आणि झेंडू यांचे थरावर थर रचून गोपुरासारखा उंच ढीग, त्याभोवती फेर धरायचा आणि शेवटी तो तळ्यात सोडायचा. तेलंगण राज्य झालं, तेव्हा २०१४मध्येच तंगेडु राज्यफूल ठरलं. त्यासोबत राज्यपक्षी म्हणून नीलकंठ आणि राज्यवृक्ष म्हणून शमी निवडले गेले. दसऱ्याला दिसावा तो पक्षी, दसऱ्याला पुजतात ते झाड आणि दसऱ्याच्या आधी फुलतं ते फूल. इतकी एकविचारानं केलेली निवड सरकारी कागदावर क्वचित दिसते!

तरवडाच्या फुलांचा काढा मधुमेहावर घेणारे लोक आहेत. श्रीलंकेत फुलं वाळवून चहासारखी उकळतात. उंदरांवरच्या प्रयोगांत साखर उतरल्याचे निष्कर्षही आले आहेत. पण उंदीर म्हणजे आपण नव्हे. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून काढा सुरू करू नका, आणि घेतलाच तर हे सोनामुखीचं गोत्र आहे हे पोटाला विसरू देऊ नका.

शेंग आहे म्हणजे हरभऱ्या-तुरीसारखं जमिनीला नत्रही देत असेल, असंही बरेच जण धरून चालतात. पण सेन्ना वंशातल्या बहुतेक जातींच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठीच आढळत नाहीत. पाला जमिनीत गाडला तर खत होतं, तेवढं खरं.

९. कुंपणाला लावायचा तर

तीस फूट लांबीचं कुंपण धरा. दर तीन फुटांवर एक झाड, म्हणजे दोन्ही टोकं धरून अकरा खड्डे. प्रत्येकात तीन बिया, एकूण तेहेतीस. तीन चांगल्या शेंगा पुरतात. थंडी संपताना माळावर तपकिरी, खुळखुळणाऱ्या शेंगा मिळतात.

बीचं कवच कठीण असतं. पाणी उकळून खाली उतरवा, जरा निवलं की बिया टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरा. ज्या तशाच राहिल्या त्या खरबरीत दगडावर घासून पुन्हा भिजवा. पिशवीत रोप करण्यापेक्षा पहिल्या पावसानंतर जागेवरच पेरलेलं बरं, कारण सोटमूळ पिशवीच्या बुडाला पोचलं की वळतं आणि पुढे खोल जात नाही. खत नको. पाणी साचणारी जागा तर मुळीच नको.

पाण्याचा हिशेब करून पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा बाय दहा मीटरच्या हिरवळीला मे महिन्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तरी रोज पाचशे लिटर, आठवड्याला साडेतीन हजार. आपल्या अकरा तरवडांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाच-पाच लिटर घाला : एकशे दहा लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात तेही बंद.

फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, त्यामुळे न छाटलेला तरवड खाली काटकुळा आणि वर झुबकेदार होतो. निम्मी छाटणी नवरात्रात आपोआप होते, घटासाठी घोस खुडताना शेंडे खुडले जातात. उरलेली दिवाळीनंतर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. दोन-चार फांद्या शेंगांसाठी राखा. शेजारी बी मागायला येतीलच.